जोशुआच्या फुलातला पतंग

लॉस एंजेलिसहून अडीचेक तास गाडी हाकली की जोशुआ ट्री नॅशनल पार्कमधली ती वेडीवाकडी झाडं दिसू लागतात. मुलं खडकांवर चढायला पळतात. मार्चमध्ये गेलात, तर एखाद्या खालच्या फांदीवरचा हिरवट-पांढरा फुलोरा मात्र निरखून बघा. नशीब असेल तर आत जेमतेम सेंटिमीटरभराचा काळपट पतंग दिसेल. नाव भारदस्त: टेजेटिक्युला सिंथेटिका!

इतर कीटकांच्या अंगाला पराग आपसूक चिकटतात. याची मादी मात्र तोंडाजवळच्या सोंडेसारख्या अवयवांनी ते गोळा करते, हनुवटीखाली त्यांचा गोळा धरून दुसऱ्या फुलात जाते, तिथे अंडी घालते आणि मग पराग मुद्दाम कुक्षीवर चोळते. अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्या झाडाच्या. हिशेब चोख!

या पश्चिमी जोशुआला दुसरा परागवाहक नाही, आणि पतंगाला दुसरं झाड नाही. पार्कच्या सखल, तापत्या भागात म्हातारी झाडं उभी आहेत, पण नवी रोपं फारशी दिसत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२३ साली झाडासाठी खास कायदा केला, हे बरंच झालं.

फुलोरा दरवर्षी येत नाही. निघण्यापूर्वी पार्कच्या कचेरीत फोन करून विचारा. आणि फोटोसाठी फांदी ओढू नका.