जपानांतील एका लहान शाळेंत

‘आपल्या जपानांतील वास्तव्याविषयीं विद्यार्थ्यांस चार शब्द सांगावे,’ अशी या वार्षिकाच्या संपादकांची आज्ञा झाली, तेव्हां शाळेचा जुना विद्यार्थी या नात्यानें ती मोडणें मला शक्य नव्हतें. जपान म्हटलें कीं वाऱ्याच्या वेगानें धांवणाऱ्या आगगाड्या, चेरीचीं फुलें आणि फुजी पर्वताचें हिमाच्छादित शिखर हीं चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. हें सर्व मींही पाहिलें. परंतु आपणां महाराष्ट्रीयांना त्या देशाकडून मिळालेली एक जुनी देणगी याहून निराळी आहे. टोकियो येथील महिला विद्यापीठाविषयींची एक लहानशी पुस्तिका महर्षि अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं आली. तिच्या वाचनानें त्यांच्या मनांत जो विचार रुजला, त्यांतून १९१६ सालीं आपलें महिला विद्यापीठ उभें राहिलें. तेव्हां जपानकडे पाहावयाचें तर शाळेच्या दारांतून पाहण्याचा प्रघात आपल्याकडे नवा नाहीं. म्हणून मोठ्या शहरांचें वर्णन बाजूस ठेवून, ज्या खेड्यांतील शाळेंत मीं अडीच वर्षें शिकविलें तिच्याविषयींच लिहिण्याचें मीं योजिलें आहे. ती शाळा आज चालू नाहीं.

परदेशी तरुणांना सहायक भाषाशिक्षक म्हणून शाळांतून नेमण्याची एक योजना जपानांत १९८७ सालीं सुरू झाली. त्या योजनेनें व तशाच इतर मार्गांनीं अनेक देशांचे तरुण तेथें जाऊन राहतात. यांतील ‘सहायक’ हा शब्द विसरतां कामा नये. वर्ग जपानी शिक्षकाचा असतो. परदेशी मनुष्यानें उच्चार ऐकवावे, संभाषणें वाचावीं, मुलांकडून खेळ व गाणीं करवून घ्यावीं, अशी अपेक्षा असते. प्राथमिक शाळेच्या वरच्या दोन इयत्तांत परभाषेचा परिचय २०११ सालापासून आवश्यक झाला, आणि २०२० सालापासून तो रीतसर परीक्षणाचा विषय झाला. माझ्याकडे अशा चार शाळा होत्या. ज्या शाळेची ही हकीकत आहे, तेथें मी दर गुरुवारीं जात असें.

२०१६ च्या ऑगस्ट महिन्यांत मीं ओकायामा येथें गाडी बदलली. पुण्यांतील सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना हें नांव अपरिचित नाहीं. ओकायामा येथील कोराकुएन नांवाच्या बागेच्या धर्तीवरच आपलें तें उद्यान रचिलेलें आहे. तेथून ‘याकुमो’ नांवाची गाडी नदीच्या कांठाकांठानें डोंगरांत शिरते आणि जपानच्या मुख्य बेटाच्या पलीकडील किनाऱ्यास उतरते. डोंगराच्या दक्षिणेकडील प्रदेशास ‘सान्यो’ म्हणजे उन्हाची बाजू, आणि उत्तरेकडील प्रदेशास ‘सानइन’ म्हणजे सावलीची बाजू असें म्हणतात. माझें गांव सावलीच्या बाजूस, शिमाने प्रांतांतील डोंगरांत होतें.

गांव पाहून मला प्रथम आपल्या कोंकणाची आठवण झाली. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनीं रचलेलीं भातखाचरें, तांबूस कौलांचीं घरें, आणि त्यांतील पुष्कळशीं बंद. कोंकणांतील तरुण जसे मुंबईस गेले, तसे येथील तरुण हिरोशिमा आणि ओसाका या शहरांत गेलेले. मागें राहिलेले बहुतेक वृद्ध. शाळेची इमारत दुमजली, शेंदीडशें मुलांचा विचार करून बांधलेली. मीं तेथें पाऊल ठेविलें तेव्हां पटावर नऊ मुलें होतीं. दोन-दोन इयत्ता एकाच खोलींत बसत. अशा खोलींत फळे दोन असतात, एक पुढें आणि एक मागें. शिक्षक एका इयत्तेस उदाहरण घालून देतो आणि पाठ फिरवून दुसऱ्या इयत्तेकडे वळतो.

शाळेचा दिवस जोडे बदलण्यापासून सुरू होतो. बाहेरचे जोडे दाराशीं फळीवर ठेवावयाचे, आंतील पांढरे जोडे घालावयाचे. दुपारचें जेवण सर्वांचें एकच. पाळी असलेलीं मुलें पांढरे अंगरखे व टोप्या घालून वाढीत. सर्वांचीं पानें भरल्यावर हात जोडून ‘इतादाकिमासु’ असें एकदम म्हणत, आणि मगच कोणीं घांस उचलावयाचा. जेवणानंतर पंधरा मिनिटें झाडलोट. वर्ग, पायऱ्या, शौचकूप, हें सर्व मुलांनीं आणि शिक्षकांनीं मिळून स्वच्छ करावयाचें. मुख्याध्यापकही हातांत फडकें घेऊन गुडघ्यांवर बसत. माझ्या वाट्यास पहिल्या मजल्यावरची लांब पडवी आली, आणि जोडीदार म्हणून चौथ्या इयत्तेंतील एक मुलगा.

हा मुलगा वर्गांत बोलत नसे. उत्तर येत नव्हतें असें नाहीं. वहींत तें बरोबर लिहिलेलें असे. चारचौघांत चुकीचा उच्चार करण्यापेक्षां गप्प राहणें त्याला सोपें वाटे. माझी अवस्था फारशी निराळी नव्हती. माझें जपानी दुकानांत जिन्नस मागण्यापुरतें होतें. शिक्षकांच्या खोलींत सकाळची सभा चाले, तेव्हां सर्वांच्या मागोमाग मान लववावी आणि दिवसभर काय घडणार आहे तें मुलांच्या हालचालींवरून ताडावें, असा माझा क्रम असे. त्या शाळेंत सर्वांत कमी कळणारा मनुष्य शिक्षक म्हणून उभा होता, ही गोष्ट मुलांच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं.

फडकें कसें पिळावें, तें दोन्ही हातांखालीं घडी करून कसें धरावें आणि पडवीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ओणव्यानें कसें धांवत जावें, हें त्या मुलानें मला शिकविलें. बोलून नव्हे; तो करून दाखवी आणि माझ्याकडे पाही. सप्टेंबरांत एके दिवशीं खिडकीच्या कांचेवर हिरवा बेडूक चिकटलेला दिसला. त्यानें बोट दाखवून म्हटलें, ‘काएरु.’ मीं इंग्रजी शब्द सांगितला. तो क्षणभर थांबला आणि माझ्याकडे बोट वळवून त्यानें विचारिलें, ‘तुमच्या घरीं?’ मीं म्हटलें, ‘बेडूक.’ त्या ‘डू’वर तो मनापासून हंसला आणि तो शब्द पडवी संपेपर्यंत घोळवीत राहिला. काएरु या शब्दाचा दुसरा अर्थ ‘परत येणें’ असाही होतो. स्वराचा चढउतार तेवढा निराळा. म्हणून प्रवासाहून सुखरूप घरीं यावें यासाठीं कित्येक लोक पैशाच्या पाकिटांत बेडकाची लहानशी प्रतिमा बाळगतात. हेंही त्यानेंच मला सांगितलें, अर्धें हातवाऱ्यांनीं आणि अर्धें चित्र काढून.

त्या वर्षीं नाताळच्या सुट्टींत मी मात्सुए या नगरास गेलों. १८५० सालीं ग्रीसच्या लेफ्कादा बेटावर जन्मलेला लाफ्काडिओ हर्न हा लेखक १८९० च्या ऑगस्टअखेर याच नगरांत इंग्रजीचा शिक्षक म्हणून आला आणि पुढील वर्षाच्या नोव्हेंबरांत कुमामोतो येथें गेला. किल्ल्याच्या खंदकाशेजारीं तो राहत असे तें घर अजून जपून ठेविलेलें आहे. मात्सुए येथील कोइझुमी सेत्सु हिच्याशीं त्याचा विवाह झाला; १८९६ सालीं त्यानें जपानचें नागरिकत्व पत्करून कोइझुमी याकुमो हें नांव धारण केलें. पतीला जपानी चांगलेंसें येत नव्हतें आणि पत्नीला इंग्रजी येत नव्हतें. तेव्हां दोघांनीं व्याकरणाचे पाश सोडून स्वतःपुरती एक मोडकी जपानी बनविली. ‘हर्नसाहेबांची भाषा’ या नांवानें ती आजही ओळखली जाते. रात्रीं सेत्सु जुन्या गोष्टी सांगे. पुस्तकांतून वाचूं नको, मिटून ठेव आणि तुझ्या शब्दांत सांग, असा त्याचा आग्रह असे. १९०४ सालीं, मृत्यूच्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या ‘क्वाइदान’ या त्याच्या ग्रंथांतील कित्येक कथा त्यानें अशा रीतीनें ऐकिल्या होत्या. दोन माणसांना एकमेकांचें ऐकावयाचें असेल, तर मोडकी भाषाही पुरते, असा विचार मनांत घेऊन मी त्या घरांतून बाहेर पडलों.

सुट्टी संपल्यावर मीं मुख्याध्यापकांकडे पडवीच्या भिंतीवर एक लांब कागद लावण्याची परवानगी मागितली. त्यावर तीन रकाने आंखले: जपानी, इंग्रजी आणि मराठी. दर गुरुवारीं झाडलोट संपली कीं मुलांनीं एक शब्द निवडावयाचा आणि तिन्ही भाषांत लिहावयाचा. बेडूक पहिला, मागून बर्फ, भात, पाऊस, आजी, केळें, फडकें असे शब्द येऊं लागले.

परदेशवासांत सर्व गोड असतें असें मीं सांगितलें तर तें खरें होणार नाहीं. पहिल्याच महिन्यांत एका घरमालकानें परदेशी भाडेकरू नको म्हणून मला दारांतूनच परत पाठविलें. दोन वर्षें राहिल्यावरही, तुम्हांला काठ्यांनीं जेवतां येतें काय, हा प्रश्न नव्यानें विचारणारे भेटत. हिंवाळ्यांत सायंकाळीं पांच वाजतां गांवच्या कर्ण्यावरून मुलांना घरीं बोलाविणारें संगीत वाजे, आणि बाहेर बर्फ व अंधार यांखेरीज कांहीं नसे, तेव्हां मन फार उदास होई. अशाच एका सकाळीं दार उघडलें तों उंबऱ्यावर हातभर लांबीचा, मातीसकट, एक पांढरा मुळा ठेविलेला. पुढील आठवड्यांत कांद्याची पात. कोण ठेवतें तें महिनाभर कळलें नाहीं. शेजारची आजी आहे असें शेवटीं त्या मुलानें सांगितलें. तो तिचा नातू होता. त्या गुरुवारचा शब्द ‘मुळा’ ठरला. आपल्या ‘ळ’साठीं जीभ कोठें वळवावी हें समजण्यास मुलांना तीन आठवडे लागले, सर्वांआधीं तो जमला तो त्या अबोल मुलाला.

२०१८ सालीं शाळा बंद करून मुलांना खालच्या मोठ्या गांवीं पाठविण्याचा प्रश्न निघाला. मुलांची संख्या घटल्यामुळें जपानांत अलीकडे वर्षास शेंकडों शाळा बंद होत आल्या आहेत. त्यांतलीच ही एक. शाळेच्या व्यायामगृहांत गांवची सभा भरली. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले कीं, शाळा गेली कीं गांवांत लहान मुलाचा आवाज ऐकूं येणार नाहीं, आणि मग येथें नवें कुटुंब राहावयास कशाला येईल? त्यावर एक तरुण बाप उठला. तो म्हणाला, ‘या शाळेंत लहानमोठीं मिळून नऊ मुलें आहेत. बेसबॉलच्या एका संघाला तितकीं लागतात. समोर खेळावयास दुसरा संघ कोठून आणूं? माझ्या मुलाला आपल्या वयाचा एकही मित्र नाहीं.’ दोघांचेंही म्हणणें खरें होतें. सभा उशिरापर्यंत चालली, आवाज कोणींच चढविला नाहीं, आणि शाळा बंद करण्याचें ठरलें.

२०१९ च्या मार्चमध्यें शेवटचा समारंभ झाला. ज्यांनीं या शाळेंत कधींकाळीं मुळाक्षरें गिरविलीं होतीं, ते वृद्ध दूरदूरच्या शहरांतून आले. शाळेचें गीत सर्वांनीं उभें राहून म्हटलें, आणि शाळेचा ध्वज घडी करून नगराच्या शिक्षणमंडळाच्या स्वाधीन करण्यांत आला. त्यानंतर मंडळी इमारत पाहावयास निघाली व पडवींतील आमच्या कागदाशीं येऊन थांबली. एव्हांना त्यावर शंभराच्या जवळपास शब्द झाले होते. आजीबाईंनीं ‘मुळा’ हा शब्द ओळखून तो मोठ्यानें वाचला, आणि ‘मुरा’ असा उच्चार केला. तो मुलगा, आतां सहाव्या इयत्तेंतला, पुढें झाला. ‘असें नाहीं, आजी,’ असें म्हणून त्यानें तोंड उघडून जीभ वळवून दाखविली. आजीनें पुन्हा म्हटलें. मग मागच्या गृहस्थांनीं म्हटलें. पांच-दहा मिनिटें तो वर्ग चालला. चाळीस-पन्नास वृद्ध माणसें सानइनच्या डोंगरांत मराठी शब्द म्हणत होतीं, आणि वर्गांत कधीं न बोललेला मुलगा प्रत्येकाचा उच्चार ऐकून ‘बरोबर’ किंवा ‘पुन्हा’ असें सांगत होता. मी मागें भिंतीशीं उभा होतों. मला करण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें, आणि शिक्षक म्हणून इतकें समाधान मला अन्यत्र लाभलें नाहीं.

पाहुणे गेल्यावर मुलांनीं नेहमींप्रमाणें फडकीं पिळून पडवी पुसली. कागद मुख्याध्यापकांनीं गुंडाळून त्या मुलास दिला. त्यानें मला घडीच्या कागदाचा एक हिरवा बेडूक दिला; तो अद्याप माझ्या पाकिटांत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं थोडेच जपानास जातील. परंतु आपल्या राज्यांतील कित्येक वसतिगृहांत मेळघाटांतून कोरकू बोलणारीं आणि नंदुरबारकडून भिली बोलणारीं मुलें येतात, आणि पुष्कळ दिवस गप्प बसून राहतात. अशा मुलाला मराठी येत नाहीं एवढेंच पाहून थांबूं नका. झाडू एकत्र धरा, आणि काम संपल्यावर त्याच्या भाषेंतला एक शब्द त्यालाच फळ्यावर लिहावयास सांगा. उच्चार चुकला तर तो तुम्हांला सांगेल.