गणेशखिंड ते मांजरी

पुण्याला येणारा पाहुणा शनिवारवाडा पाहतो, पर्वती चढतो आणि बाकरवडीचा पुडा बांधून घेऊन परततो. अलीकडे त्याला हिंजवडीही दाखवतात. तिथल्या काचेच्या इमारतींकडे बोट करून आपण ऐटीत सांगतो, "आता सारे जग पुण्यात आले आहे!" पण जग पुण्यात आले ते काही काल-परवा नव्हे. त्याच्या पाऊलखुणा पाहायच्या तर गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारायला हवी.

सुरुवात गणेशखिंडीपासून करू. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचे गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान. १८९६ साली मुंबई बंदरात प्लेग उतरला. तो हाँगकाँगकडून जहाजांतून आला असे मानतात. पुढच्याच वर्षी त्याने पुण्यात थैमान घातले. पाठोपाठ गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी याच रस्त्यावर हल्ला केला. राणी लंडनची, रोग परमुलखातला, हाल मात्र पुणेकरांचे! पण त्याच वर्षी मुंबईत प्लेगवरची लस सिद्ध झाली, तीही ओडेसात जन्मलेल्या हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाच्या हातून. म्हणजे रोगही बाहेरचा आणि उताराही बाहेरचाच.

तिथून कॅम्पाच्या बाजूला, डॉ. आंबेडकर रस्त्यावर यावे. येथील विषाणू संस्था १९५२ साली अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने उभी राहिली. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण सापडले ते पुण्यात, दुबईची सहल करून आलेले. त्या दिवसांत साऱ्या देशाचे कान या संस्थेकडे लागले होते.

आता सोलापूर रस्त्याने हडपसर गाठू. प्लेगच्या त्या वर्षी इथल्या माळावर सावित्रीबाई फुले यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी दवाखाना थाटला होता. मुंढव्यातले एक आजारी पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथवर चालत आल्या. पोर वाचले, सावित्रीबाईंना मात्र त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी नेले.

आणि याच हडपसरला लागून मांजरी! रेसच्या घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला घराण्याने १९६६ साली इथे सीरम इन्स्टिट्यूट काढली. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधलेली करोनाची लस इथे कोट्यवधींच्या हिशेबाने तयार झाली. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पूजा करून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. २४ फेब्रुवारीला इथल्याच लसीच्या सहा लाख मात्रा आफ्रिकेतील घानाला पोचल्या. शतकापूर्वी उतारा बाहेरून आणणारे पुणे आता तो बाहेर धाडू लागले होते.

पण पुढच्याच महिन्यात दुसरी लाट उसळली आणि निर्यात जवळजवळ थांबली. आपली माणसे दवाखान्यांच्या दारात ताटकळत असताना लस बाहेर कशी धाडायची? प्रश्न खोटा नव्हता. घानासारख्या देशांतल्या माणसांनी मात्र त्यामुळे महिनोन् महिने वाट पाहिली. गंमत अशी की, त्याच सुमारास लस करायला लागणाऱ्या पिशव्या आणि गाळण्या अमेरिका अडवून ठेवते म्हणून मांजरी तिच्याकडे दाद मागत होती. आपल्या दारात कोणी अडले होते आणि आपण दुसऱ्याच्या दारात अडलो होतो.

जग जवळ आले म्हणजे परदेशी वस्तू दुकानात मिळू लागल्या, एवढाच अर्थ आपण घेतो. जवळ आलेल्या जगात रोग परवाना न विचारता येतो. औषधाला मात्र सरहद्दीवर थांबावे लागते. पुढची साथ येईल तेव्हा मांजरीच्या गाड्यांनी आधी कोणती वाट धरावी, हे आपल्यालाच ठरवावे लागेल. ठरवताना एवढे आठवावे, की सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलेले पोर त्यांच्या घरचे नव्हते.