समोरच्याची पट्टी

विद्यापीठात गाणं शिकवायचं तर सहसा नेट किंवा सेट व्हावं लागतं. नेटला तीन तासांत १५० प्रश्न असतात, सगळे चार पर्यायांचे, आणि समोर संगणक. पहिले ५० अध्यापन, संशोधन, तर्क असे सर्वसाधारण. उरलेले १०० संगीताचे. मतंगाची ‘बृहद्देशी’, शार्ङ्गदेवाचा सात अध्यायांचा ‘संगीत रत्नाकर’, श्रुती, मूर्च्छना, भातखंड्यांचे दहा थाट, घराणी. मला या अभ्यासाचा राग नाही. त्याच्या निमित्तानं जे वाचलं ते एरवी मी वाचलं नसतं, रियाजाचं कारण सांगून टाळलंच असतं. पण तुम्ही गाणं शिकवायला लायक आहात की नाही हे ठरवणारी ही परीक्षा तुमचा षड्ज ऐकत नाही, हे खरंच आहे. माझी तक्रार मात्र त्याहून वेगळी आहे. शिकवण्याबद्दल ती प्रश्न विचारते, पण प्रत्यक्ष शिकवून बघायला सांगत नाही. आणि तिच्या आधीची एम.ए.ची दोन वर्षंही ते सांगत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कलावंतांसाठी आणखी एक दार ठेवलेलं आहे. नामवंत गुरूंकडे तालीम झालेली असावी, आकाशवाणीची वरची श्रेणी असावी, आणि आपला विषय कारणांसह समजावून सांगता यावा. ही शेवटची अट कुणी लिहिली ठाऊक नाही, पण ज्यानं लिहिली त्यानं कधी तरी वर्ग घेतला असणार.

एम.ए.ला आम्ही काय करत होतो? सकाळी शास्त्राचा तास, मग प्रात्यक्षिक. वेळापत्रकाला रागसमय कळत नाही, त्यामुळे पूरिया साडेअकराला आणि तोडी जेवणानंतर. वर्षअखेरीस मंचप्रदर्शन आणि तोंडी परीक्षा. भातखंडे आणि पलुस्कर, दोन्ही लिप्यांत बंदिशी लिहायच्या. रागांची तुलना करायची. भूप आणि देशकारचा प्रश्न यायचाच: दोन्हींत स्वर तेच पाच, मध्यम-निषाद वर्ज्य, भूप कल्याण थाटाचा, वादी गांधार, वेळ रात्रीची, देशकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, वेळ सकाळची. उत्तर सगळ्यांना पाठ असायचं.

मग विभागाचा संध्याकाळचा प्रमाणपत्र वर्ग सांभाळायला माझ्याकडे आला आणि त्या पाठ उत्तराचा काहीच उपयोग होईना. वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दोन शाळकरी मुलांची आई, अभियांत्रिकीची चार मुलं आणि बी.ए.च्या मुली. भूप सुरू झाला की पाचव्या मिनिटाला काका देशकारात. त्यांना ‘वादी गांधार आहे’ असं सांगून काय होणार? ते मान डोलावतात आणि पुन्हा वरच्या षड्जाकडून धैवतावर येऊन बसतात. राग गळ्यात राहतो तो थांबण्याच्या जागांनी. म्हणून मी धैवतावर बसायलाच मनाई केली. धैवतावरून जा, पण मुक्काम गांधारावर करा, आणि ऋषभ नीट लावा, देशकारात त्याला एवढा मान नसतो. त्याआधी आठवडाभर फक्त सा ते प. वरचा षड्ज बंद. काका थोडे नाराज झाले, पण भूप राहिला.

हे मला कोणत्याही तासाला सांगितलेलं नव्हतं. सांगणाऱ्यांचा दोष नाही. माझ्या गुरूंनी मला भूप दिला तेव्हा शब्दांत काहीच दिलं नव्हतं. त्या म्हणायच्या आणि मी मागून म्हणायचे. वर्षानुवर्षं असं झालं की जागा आपोआप बसतात, आणि कशा बसल्या ते आपल्यालाही सांगता येत नाही. गुरूसमोर एक शिष्य, दोन शिष्य असताना ही पद्धत उत्तम चालते. पंचवीस जणांच्या वर्गात, आठवड्याला दोन तासांत ती चालत नाही. तिथं गळा जे नकळत करतो ते उलगडून सांगावं लागतं.

सगळ्यात अवघड निघाली ती पट्टी. माझी पट्टी काळी चार, मुलींचीही त्याच आसपास. मुलांची काळी एक. म्हणजे मुलांचा षड्ज माझ्या मध्यमावर. त्यांना शिकवताना एक सप्तक वर म्हणून दाखवायचं, तर मंद्र-मध्यापर्यंत ठीक, पण त्यांचा तार गांधार माझ्या तार धैवतावर जातो आणि तिथं माझा आवाज किंचाळतो. म्हणून तारातल्या जागा मी त्यांच्याच सप्तकात म्हणू लागले. तिथं तो गांधार माझा मध्य धैवत. अगदी सहज, पोट न हलवता लागणारा. मुलांच्या गळ्याला मात्र तोच सूर कड्यावर उभं राहिल्यासारखा. बाईंना इतकं सोपं जातं आणि आपल्याला का नाही, असं त्यांना वाटायचं आणि ती आणखी जोर लावायची. जोर लावला की आकार मिटतो, जबडा आवळतो आणि सूर उतरतो. एम.ए.च्या दोन वर्षांत प्रत्येक जण आपापल्या पट्टीत गायला होता. दुसऱ्याच्या पट्टीत शिकवायचं कसं, कोणतं सप्तक दाखवायचं, कुठं स्वतः थांबून वर्गातल्या एखाद्या चांगल्या मुलाला म्हणायला लावायचं, याचा विचार करायची वेळच कधी आली नव्हती.

उतरणाऱ्या सुराचंही तेच. ‘बेसूर होतोय’ हे तर शेजारचा माणूसही सांगेल. शिक्षकाला कारण ऐकू यायला हवं. श्वास संपला म्हणून उतरला, की ‘आ’चा ‘ऑ’ झाला म्हणून, की तंबोरा ऐकायचं सोडून तो माझ्या तोंडाकडे बघतोय म्हणून? तिन्हींवर उपाय वेगळे. मारव्यात तर आणखी एक: पंचम नसल्यानं पहिली तार निषादाला लावली आणि षड्जावर बसणं टाळलं की नवख्याचा कोमल ऋषभ षड्जाकडे घसरतोच. त्याला पंधरा वेळा म्हणून दाखवण्यापेक्षा धैवतावरून ऋषभावर यायला लावलं तर तो लवकर सापडतो. आवाजाकडे असं बघण्याची परंपरा आपल्याकडे नाही असंही नाही. बी. आर. देवधर मास्तरांनी हा विषय लावून धरला होता, आणि मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक दा. रानडे यांनी तो पुढे नेला. अभ्यासक्रमात तो आहे, टिपणांच्या रूपात.

संगीत शिक्षक वेगळा घडवावा लागतो, हा विचार तर त्याहूनही जुना. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढं शिक्षक तयार करण्यासाठी स्वतंत्र उपदेशक वर्ग चालवला. त्यांच्या तालमीतून निघालेले विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर आणि स्वतः देवधर मैफलीत नाव कमावूनही संस्था चालवत, वर्ग घेत राहिले. भातखंड्यांनी ग्वाल्हेर आणि लखनौच्या विद्यालयांसाठी जे केलं, क्रमिक पुस्तकांचे सहा भाग लिहिले, तेही वर्गासमोर उभं राहणाऱ्या माणसाच्या हाती काही तरी असावं म्हणूनच. ते स्वतः मैफलीचे गवई नव्हते, हे इथं मुद्दाम सांगते. उत्तम गाणारा उत्तम शिकवतोच, ही आपली समजूत मला अजिबात पटत नाही.

बी.एड.ची मुलं पाठ टाचणं लिहितात, पाठ घेतात, मागच्या बाकावर बसून कुणी तरी ते पाठ तपासतं. त्या टाचणांची सगळे थट्टा करतात, मीही केली आहे. पण संगीतात एम.ए. होणाऱ्याच्या वाट्याला तेवढंही येत नाही. पदवी, नेट, मुलाखत, आणि थेट वर्ग. पुढची पाच वर्षं तो जे शिकतो ते विद्यार्थ्यांच्या गळ्यांवर.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी ४ क्रेडिट ठेवलेले आहेत. संगीत विभागांनी ते कार्यक्रमांच्या आयोजनात आणि अहवाललेखनात घालवू नयेत, अशी माझी विनंती आहे. विभागाचाच प्रमाणपत्र वर्ग एम.ए.च्या विद्यार्थ्याला सत्रभर द्या, मागे एक अनुभवी शिक्षक बसवा, आणि गुण द्या ते त्याच्या गाण्याला नव्हे, त्याच्या वर्गाच्या गाण्याला. निदान एक राग परक्या पट्टीत शिकवण्याची सक्ती असू द्या. पुढच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत कुणी तरी एवढा एक विषय मांडावा.