लेखणीवरील कर्ज

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. मुरबाडकडील एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन शहापुरास आमच्या घरी आले. मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी, नुकतीच बी. ए.ची परीक्षा देऊन मोकळी झालेली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून एका पतपेढीचा अर्ज काढला. जामीनदाराच्या रकान्यात आमचे नाव पेन्सिलीने लिहिलेले होते. मुलीस मुंबईतील एका खाजगी संस्थेत पत्रकारितेचा दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करावयाचा होता, आणि फी व राहणे मिळून ४ लाख रुपये लागणार होते.

सही करावयास आम्हांस कितीसा वेळ लागता! आम्ही मराठी शिकवितो, गणित नव्हे. तरी त्या दुपारी वहीच्या मागील पानावर आकडे मांडून पाहिले. पतपेढीचा दर चढा होता, म्हणून आधी बँकेचा, शेकडा १० धरला. दरवर्षी २ लाख उचलले आणि शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता थांबला, असे समजू. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. त्या मुदतीत सरळव्याजानेच १ लाख चढतात. पुढे ते ५ लाख ७ वर्षांत फेडावयाचे, म्हणजे महिन्यास सुमारे ८,३०० रुपये. एकूण जवळजवळ ७ लाख. नव्या वार्ताहरास १८,००० रुपये मिळाले असे धरले, तर उरतात ९,७००. त्यांत मुंबईची खोली आणि दोन वेळचे जेवण!

गृहस्थ पावसाळ्यात भात व पुढे भेंडी करणारे. रोखीचा हिशेब ते आमच्याहून चांगला जाणतात. बराच वेळ वहीकडे पाहून ते म्हणाले, "सर, भेंडीचा भाव पडला तर आम्ही पुढच्या साली काकडी लावतो. हिने काय लावायचे?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. खरे सांगावयाचे तर आम्हांसही तरुणपणी वर्तमानपत्राचा नाद होता. एका पत्रास आम्ही वर्षभर गावच्या बातम्या पाठविल्या. मोबदला ठरला होता. वर्षअखेर एक दिनदर्शिका मिळाली. त्यानंतर आम्ही शिक्षकाच्या पेशात आलो.

लेखणीवर पोट भरणे मराठीत पूर्वीही सोपे नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले. ते १८४० साली बंद पडले. बाळशास्त्री एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करीत. टिळकांनी 'केसरी' आपल्याकडे घेतला तो कर्जासह, आणि चरितार्थासाठी कायद्याचे वर्ग चालविले. डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' १९२० साली निघाले, त्यास शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. यांपैकी कोणाजवळ पत्रकारितेची पदवी नव्हती. आजही पत्रकार होण्यास ती कायद्याने लागत नाही. वेतनाकरिता १९५५ साली कायदा झाला, २०११ साली मजिठिया मंडळाच्या शिफारशी सरकारने लागू केल्या आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. पण मानधनावर बातम्या पाठविणाऱ्या तालुका वार्ताहराचे नाव बहुधा पगारपत्रकातच नसते. त्याची मिळकत पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवरील दलालीत असते.

आम्हांस भय वाटले ते येथे. मुलीला आम्ही विचारले, "तुला लिहावयाचे आहे कशावर?" ती म्हणाली, "पाण्यावर, सर." तानसा व भातसा या शहापूर तालुक्यातील धरणांचे पाणी मुंबईस जाते, तानसा तर १८९२ पासून. आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात. हे लिहावयाचे, तर ज्याच्यावर लिहावयाचे त्याचीच जाहिरात महिनाअखेर मागावयास जाऊन कसे चालेल? ८,३०० रुपयांचा हप्ता असलेला मनुष्य जाईल. आम्हीही गेलो असतो.

येथे पालकांकरिता दोन शब्द. बँकेच्या शैक्षणिक कर्जास ४ लाखांपर्यंत तारण वा त्रयस्थाची जामीनकी मागत नाहीत, आईबाप सहकर्जदार असतात. २०१५ पासून ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जांकरिता सरकारी हमी निधीही आहे. ही चौकशी न करता लोक थेट पतपेढीत जातात. परंतु जामीन लागत नाही म्हणून कर्ज हलके होते, असे मात्र नव्हे.

शिकू नको, असे आम्ही तिला सांगितले नाही. बातमी तपासावी कशी, माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा कसा, हे शिकलेच पाहिजे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठांच्या विभागांची फी पाहा, आणि घरून जाऊन येता येते काय ते पाहा, एवढेच सुचविले. मुरबाडला रेल्वे नाही, एस. टी.ने कल्याण आणि तेथून लोकल, असा प्रवास. वडिलांनी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "पहाटे उठायची सवय आहे, सर. पाणी तेव्हाच येते."

आज ती तसा प्रवास करून शिकत आहे. कर्ज आहेच, पण ते ८०,००० रुपयांचे, आणि बँकेचे. पतपेढीचा तो अर्ज आमच्या टेबलाच्या खणात पडून आहे. परवा तिने एका पाड्यावरील विहिरीविषयी चार पाने लिहून वाचावयास पाठविली. शुद्धलेखनाच्या अकरा चुका निघाल्या. टँकर कोणत्या वारी आला आणि कोणत्या वारी आला नाही, त्याची नोंद मात्र बिनचूक होती.