दोन चौकटींमधली जागा

चित्रकथेचे पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलेल्या मुलाला हाक मारून उठवणे हा मला एक लहानसा अत्याचार वाटतो. मोठ्यांना वाटते, ते रिकामे बसले आहे. पण ते कामात असते! एका चौकटीत वेताळाने मूठ उगारलेली असते. पुढच्या चौकटीत चाचा जमिनीवर आडवा. मधला ठोसा चित्रकाराने काढलेलाच नसतो. तो त्या मुलाने मारलेला असतो.

दोन चौकटींच्या मध्ये जी काडीभर कोरी पट्टी असते, तिचा आम्हा कथालेखकांना हेवा वाटायला हवा. आमचा नायक खोलीतून रस्त्यावर यायचा म्हणजे आम्ही त्याला चपला घालायला लावतो, कडी काढायला लावतो, जिना उतरवतो आणि जिन्यात मध्येच थांबवून त्याला बालपण आठवायला लावतो. तोवर वाचक फराळाच्या ताटाकडे वळलेला असतो.

चार्ल्स शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराची ‘पीनट्स’ ही मालिका १९५० साली वृत्तपत्रांतून सुरू झाली आणि २००० साली संपली. तिच्यातला चार्ली ब्राऊन शाळेतल्या एका लाल केसांच्या मुलीवर जीव जडवून बसला आहे. मधल्या सुट्टीत तो बाकावर एकटा डबा खातो, लांबून तिच्याकडे पाहतो आणि उठून बोलायला जायचे त्याला धैर्य होत नाही. त्या मुलीचा चेहरा शुल्ट्झने मालिकेत अखेरपर्यंत दाखवला नाही. १९९८ साली एकदा काळी छाया दिसली तेवढीच. आमच्यापैकी कुणी असता तर पहिल्याच परिच्छेदात तिचे डोळे, जिवणी आणि केसांच्या बटा यांची यादी देऊन मोकळा झाला असता. शुल्ट्झने ती दिली नाही. म्हणून ती मुलगी प्रत्येक वाचकाच्या स्वतःच्या शाळेत जाऊन बसली. माझ्या शाळेत ती तिसऱ्या बाकावर बसे. तिचे केस लाल नव्हते, एवढाच काय तो फरक.

बेल्जियमच्या एर्जेची गंमत निराळी. त्याचा टिनटिन सगळी पृथ्वी पालथी घालणारा. पण १९६३ साली आलेल्या ‘द कास्टाफिओर एमराल्ड’मध्ये तो कॅप्टन हॅडॉकचा वाडा आणि त्याचा परिसर सोडून कुठे जातच नाही. एक पाचू हरवतो आणि शेवटी एका पाखराच्या घरट्यात सापडतो. मग वाचक पाने का उलटतो? वाड्याच्या जिन्याची एक पायरी फुटली आहे. गवंडी येतो येतो म्हणतो आणि येत नाही, आणि माणसे त्या पायरीवरून एकामागून एक घसरत राहतात. पाचूपेक्षा मला त्या पायरीचीच काळजी लागून राहिली. बेल्जियमचे गवंडीही आपल्यासारखेच, हे कळून जो दिलासा मिळाला तो वेगळाच!

दूरचित्रवाणीने मात्र मला उलट्या बाजूने शिकवले. १९८४ साली दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ‘हम लोग’ सुरू झाली. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन घडल्या प्रकाराबद्दल चार शब्द सांगत, आणि आमच्या घरी ते भक्तिभावाने ऐकले जात. पण गोष्टीच्या शेवटी असे चार शब्द लिहिण्याआधी आपला चेहरा अशोक कुमारांसारखा आहे का, हे आरशात पाहून घ्यावे.

हे सारे मी नुसत्या हौसेने लिहीत नाही. वडिलांच्या शेवटच्या रात्रीवर एक गोष्ट लिहावी, असे कित्येक वर्षे माझ्या मनात होते. डॉक्टरांच्या बुटांचा आवाज, औषधांचा वास, शेजारच्या काकांचे दबलेले बोलणे, सारे मला लख्ख आठवते. यंदा लिहायला बसलो आणि दोनच चौकटी ठेवल्या. पहिलीत संध्याकाळी आई त्यांच्यासाठी थर्मासमध्ये गरम पाणी भरते आहे. दुसरीत सकाळ झाली आहे, ओसरीवर माणसे जमली आहेत आणि खिडकीत तो थर्मास तसाच भरलेला आहे. मधली रात्र कोरी.

आईला ती वाचून दाखवली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “दुपारपर्यंत कोमट होतं रे ते पाणी. निवल्यावर मीच तुळशीला घातलं.”