आमच्या परसातील हिरवळ

गोंदियाहून येणारी सडक कोहमारा येथे राष्ट्रीय महामार्गास मिळते. त्या चौफुलीपासून थोड्याच अंतरावर आमचे घर आहे. घराच्या मागील अंगास परस असून तो टेकडीच्या उतारास लागलेला आहे. त्याच्या वरच्या टोकास एक जुना मोह उभा आहे. या परसात गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही कृत्रिम हिरवळीचे एक लहानसे क्रीडांगण करविले. गुरुजींनी प्लास्टिकचे गवत पेरले, अशी थट्टा गावात झाली. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी त्याविषयी विचारपूसही केली. सबब ती हकीकत येथे देत आहोत.

निमित्त आमच्या कन्येचे झाले. ती हॉकी खेळते. मुरमाच्या मैदानावर चेंडू खड्यास लागून उसळतो, वाट सोडतो, आणि खेळणाऱ्याचा हात त्या लहरीपणासच सरावतो. एका निवड-चाचणीत तिला प्रथमच कृत्रिम हिरवळीवर उतरावे लागले. तेथे चेंडू सरळ व इतक्या वेगाने येई की, ती काठी टेकविते न टेकविते तोच तो पुढे गेलेला असे. तिची निवड झाली नाही. परतताना एस. टी.त ती एवढेच म्हणाली, "बाबा, प्रत्येक वेळी मला उशीर होत होता." यावर काय बोलावे हे आम्हांस सुचेना. सर्व जन्म मुलांस उत्तरे सांगण्यात गेलेल्या मनुष्यास असा प्रसंग फार जड जातो.

आपल्या देशानेही हाच अनुभव घेतला आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे आपला हॉकीसंघ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा त्याचे नायक जयपालसिंग मुंडा हे होते. छोटानागपूरच्या एका खेड्यातील आदिवासी मुलगा रांचीच्या मिशन शाळेत शिकून तेथवर पोहोचला होता. त्या वर्षापासून १९५६ पर्यंत लागोपाठ सहा सुवर्णपदके आपण मिळविली. १९७५ साली क्वालालंपूर येथे विश्वचषकही आपण जिंकला. हे सारे खऱ्या गवतावर. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकीसाठी प्रथमच कृत्रिम हिरवळ अंथरली गेली, आणि आपला संघ सातवा आला. पराभवास इतर कारणे नव्हती असे नाही. परंतु पायाखालची भूमीच बदलली, हे कारण लहान खचित नव्हे. मौज अशी की, हे गवत प्रथम अंथरले गेले तेही एका शाळेतच: १९६४ साली, अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरी. स्वयंपाकघराचे छप्पर बदलण्यासाठी बाजूस ठेविलेले पैसे आम्ही या कामी वळविले, तेव्हा हा सर्व इतिहास आम्ही पत्नीस ऐकविला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला व गळणाऱ्या कौलांखाली पातेले सरकविले.

जागा ६० फूट लांब व ३० फूट रुंद निघाली. मोह तोडला असता तर आणखी १० फूट मिळत होते. परंतु त्या झाडाखाली शेजारच्या आजी वर्षानुवर्षे फुले वेचीत आल्या आहेत. त्यांची ती कमाई आहे. झाड राहिले.

या खेळभूमीचे मर्म वरच्या गवतात नसून खालच्या थरांत असते, हे आम्हांस तेव्हा कळले. उंच अंगाची माती कापून सखल अंगास भरावयाची, मुरूम पसरून धुमसावयाचा, त्यावर गिट्टी, गिट्टीवर बारीक चुरी. आणि पाणी वाहून जावे म्हणून १०० फुटांस सुमारे एक फूट उतार ठेवावयाचा. मग गवताच्या गुंडाळ्या उलगडून त्यांचे सांधे खालून पट्टी व चिकटद्रव्य लावून जोडावयाचे आणि तंतूंमध्ये बारीक वाळू झाडूने भरावयाची. पुष्कळ ठिकाणी रबराचे कण घालितात. आम्ही ते टाळले. त्या कणांचा कचरा माती-पाण्यात जातो, म्हणून २०२३ साली युरोपीय संघाने त्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम केला व बदलासाठी आठ वर्षांची मुदत दिली. अर्थात् आमचे गवतही प्लास्टिकच आहे, व ते झिजणारच. हे टोचत नाही असे म्हणवत नाही.

कामावरचे वृद्ध गडी धानाच्या बांध्या घालण्यात मुरलेले. ते हसून म्हणाले, "जन्मभर पाणी अडवीत आलो, गुरुजी पाणी घालवायला सांगतात." नंतर गंभीरपणे म्हणाले, "पण टेकडीवरचे पाणी कोठून जाईल? वरच्या अंगाला आधी चर काढा." आमच्या वहीत सर्व मापे लिहिलेली होती; त्यांत चर नव्हता, आणि पैसेही संपत आले होते. आम्ही, पदवीधर मनुष्य, त्यांचे म्हणणे ऐकून घेऊन विसरलो.

जुलैत एका रात्री झड लागली. सकाळी पाहतो तो हिरवळीच्या मध्यभागी म्हशीच्या पाठीएवढा फुगवटा! वरून आलेले पाणी खाली शिरले होते, चुरी वाहून गेली होती, दोन सांधे उकलले होते. कन्या दाराशी उभी राहून पाहत होती; ती काही बोलली नाही, हेच आम्हांस अधिक लागले. दिवाळीच्या सुटीत अर्धी हिरवळ उचलली, तळ पुन्हा बांधला, आणि वरच्या अंगास दोन फूट खोल चर खणून दगडांनी भरला. चर कोठे व किती खणावयाचा, हे त्या वृद्ध गड्यांनी सांगितले. आम्ही घमेली वाहिली. छप्पर आणखी एक वर्ष लांबले.

यंदा चैत्रात मोह फुलला. एके पहाटे आजी टोपली घेऊन आल्या; दुसऱ्या हातात जळते लाकूड होते. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची इकडे रीत आहे, आणि निम्मा पाचोळा हिरवळीवर पडलेला होता. आम्ही अनवाणी धावलो. हे गवत पेटते, असे सांगताच त्यांनी लाकूड विझविले व वाकून तंतू चिमटीत धरून पाहिले. "मग झाडूनच घेते," म्हणाल्या. आता त्या रोज झाडतात. फुलांस माती लागत नाही म्हणून त्या आमच्यापेक्षाही संतुष्ट आहेत.

उन्हाळ्यात ही हिरवळ इतकी तापते की, दुपारी तीवर पाऊल ठेववत नाही. म्हणून कन्या सहा वाजताच उतरते. वरच्या टोकास आजींची टोपली, खालच्या टोकास हिची काठी. चेंडू फुलांत गेला की आजी तो पायाने परत लोटतात. पुढील चाचणी पावसाळ्यानंतर आहे.