पोरबंदरची रेषा

नांदेड-लातूरच्या मुलांना गोदावरी आणि मांजरा ठाऊक. समुद्र बहुतेकांनी सहलीत एखाद्या वेळी पाहिलेला. म्हणून नौदलाचा इतिहास शिकवताना मी आधी फळ्यावर गुजरातचा किनारा काढतो आणि मग व्हाइस अ‍ॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांच्याविषयी बोलतो.

सोमणांचा जन्म १९१३ चा. तेव्हाच्या ‘रॉयल इंडियन मरीन’मध्ये कोकणातले खलाशी जहाजं चालवत, हुकूम मात्र गोऱ्यांचा. डी. एन. मुखर्जी हे पहिले हिंदी अधिकारी १९२८ मध्ये घेतले गेले. स्वातंत्र्यानंतरही १९५८ पर्यंत नौदलाचे प्रमुख इंग्रजच होते. मग रामदास कटारी आले आणि जून १९६२ मध्ये त्यांच्या जागी सोमण. त्याआधी, डिसेंबर १९६१ च्या गोवा मोहिमेत लढाऊ ताफा सोमणांच्याच हाताखाली होता. त्या विजयावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला सोमणांचा खरा कस १९६५ च्या भारत-पाक युद्धात लागलेला दिसतो, ज्यात त्यांच्या आरमाराला लढूच दिलं गेलं नाही.

संरक्षण मंत्रालयाचा लेखी आदेश होता: मुंबईपासून दोनशे मैलांपलीकडे आणि पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला आपण होऊन जायचं नाही. सरकारला युद्धाची व्याप्ती वाढवायची नव्हती. त्यात विमानवाहू नौका ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी गोदीत, आणि इंडोनेशिया पाकिस्तानच्या बाजूने बोलत असल्यामुळे अंदमानचीही काळजी.

फळ्यावर ती रेषा ओढून दाखवली की सगळं लख्ख दिसतं. पोरबंदर साडेएकवीस अंशांच्या जरासं वर, द्वारका सव्वाबावीसच्या आसपास. म्हणजे द्वारका रेषेच्या पलीकडे राहिली! वर्गातून कुणीतरी विचारतंच, “सर, मग द्वारका राखायची कुणी?” ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानची सात जहाजं आली आणि द्वारकेवर तोफा डागून निघून गेली. नुकसान फारसं झालं नाही, पण देशभर टीका झाली ती नौदलावर.

सोमणांनी या आदेशाला असलेला आपला विरोध संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापर्यंत नेला. निर्णय बदलला नाही. सोमणांनी तो पाळला. त्यांनी राजीनामा फेकायला हवा होता, असं म्हणणारे मला भेटतात. मला ते पटत नाही. पलीकडे पाकिस्तानात फील्डमार्शल अयूबखान राष्ट्राध्यक्ष होते. सेनापती सरकारच्या डोक्यावर बसला की काय होतं, ते शेजारी रोज दिसत होतं. स्पष्ट विरोध नोंदवून लोकनियुक्त सरकारचा हुकूम मानणं, तेही स्वतःच्या दलाची नाचक्की सोसून, हे मला लढाई जिंकण्याइतकंच मोठं वाटतं.

मार्च १९६६ मध्ये सोमण पायउतार झाले. १९७१ मध्ये सरकारने असली रेषा आखली नाही आणि ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी थेट कराची गाठली.

सोमणांच्या लहानपणी हिंदी मुलासाठी अधिकारीपदाचं दार बंदच होतं. आज ते सताड उघडं आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे, आणि नौदलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतं. लातूरच्या क्लासांत तेच विषय घेऊन बसलेल्या मुला-मुलींनो, एनडीएच्या अर्जात पसंतीक्रम विचारतात, तिथे नौदल पहिलं लिहा.